पंखा दाराकडे वळला

१

ठकूच्या घरात सकाळी आधी टाकी, मग चहा, मग आत्या असा क्रम होता, आणि तो आत्याला बिलकूल मान्य नव्हता.

"आधी किडे, मग माणसं! चालू दे!" आतल्या खोलीतून रोज आवाज यायचा.

"आले गं, पाचच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं म्हणजे माझा अर्धा जन्म."

ठकू दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यांचे साचे हातात घेऊन बसलेली बाई घरी आली की पुन्हा बारीक कामातच रमायची. बाहेरच्या खोलीत तिची खाऱ्या पाण्याची लांबट टाकी होती. तिच्यात ती समुद्रपंखे वाढवायची. हे पंखे कुणी समुद्रातून तोडून आणलेले नव्हते. एका हौशी माणसाने आपल्या टाकीतल्या पंख्याचं कलम तिला दिलं होतं, त्याची तिने आणखी कलमं केली होती. फांदी कापायची, दगडावर गोंदाने चिकटवायची आणि वाट बघायची. तिच्या पंख्यांच्या कैक पिढ्यांनी समुद्र पाहिलेलाच नव्हता.

"पंखा म्हणे!" आत्या म्हणायची. "वारा तर येत नाही."

समुद्रपंखा दिसतो वाळक्या झुडपासारखा, पण तो प्राणी. एका जांभळ्या जाळीवर दाटीवाटीने राहणारी हजारो इवली तोंडं, आणि प्रत्येक तोंडाला आठ केसाएवढे हात. त्याला जागचं हलता येत नाही. म्हणून तो जिकडून पाणी येतं त्याच्या वाटेत सपाट, आडवा वाढतो, आणि वाहत येईल ते पकडून खातो. टाकीचा पंप डाव्या बाजूला होता. त्यामुळे समोरच्या स्टुलावर बसलं की पंख्याची नुसती कड दिसायची, एखादी जांभळी रेघ ओढल्यासारखी. पूर्ण पंखा बघायचा तर उठून बाजूच्या काचेशी जावं लागे.

त्या सकाळी ठकू चहाचा कप घेऊन स्टुलावर बसली, पहिला घोट घेतला आणि तशीच थांबली.

समोरून पूर्ण पंखा दिसत होता. हाताचा पंजा कुणीतरी तिच्यासमोर पसरून धरावा, तसा.

२

पहिल्यांदा तिने पंपाला दोष दिला. पंप नीट होता. डाव्या काचेवरून पाणी सुळसुळत उजवीकडे जात होतं, मासे त्याला तोंड देऊन पोहत होते. मग दगड सरकला असेल म्हणून तिने दगड फिरवून पंखा पुन्हा होता तसा केला. तो दोन-तीन दिवसांत परत समोर वळला. तिने पंपच उजवीकडे लावला. मासे मुकाट्याने उलटे फिरले, पंखा ढिम्म.

ज्याच्याकडे ती आपली कलमं द्यायची तो मासेवाला गोल चेहऱ्याचा, गप्पिष्ट माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसला.

"ताई, तो टाकीतला पंखा आहे, घरचा जावई नाही. तोंड फिरवलं म्हणून इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"पण पाणी डावीकडून येतंय आणि हा—"

"तुम्हाला दिसत नसेल असा एखादा प्रवाह असेल. काचेला आपटून पाणी फिरतं, भोवरे होतात. तो काही उगाच वळत नाही."

तो काही उगाच वळत नाही. हे वाक्य मात्र ती घरी घेऊन आली.

स्वयंपाकघरात, मोरीशेजारी, कलमांचा लहान टब होता. त्यात पंप नव्हता, फक्त बुडबुड्यांची नळी. तिथली पिल्लं कुठल्याही दिशेला वाढायची. ठकूने झाकण काढलं. सगळी पिल्लं, एकूण एक, एकाच बाजूला अंग करून उभी होती. नाटकाला बसलेल्या प्रेक्षकांसारखी. त्यांच्या समोर भिंत होती. भिंतीपलीकडे आत्याची खोली.

ठकू बाहेर आली आणि मोठ्या टाकीकडे पाठ करून उभी राहिली. पंख्याच्या अगदी नाकासमोर आत्याचं दार होतं. दारातून सरळ आत आत्याची खुर्ची, आणि खुर्चीत गुडघ्यांवर शाल टाकून बसलेली आत्या.

"काय बघतेस अशी डोळे फाडून?" आत्या म्हणाली. "भूत दिसलं का?"

"काही नाही गं."

आणखी एक गोष्ट होती, आणि ती ठकूने मासेवाल्याला सांगितली नव्हती. मध्यंतरी ती तापाने पडून होती, तेव्हा पंख्यांना खाणं टाकणं राहूनच गेलं होतं. वाळायला हवे होते ते. ते तर चांगले गलेलठ्ठ झाले होते.

३

आत्या म्हणजे ठकूच्या वडिलांची थोरली बहीण. जन्मभर मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. खुब्याचं हाड मोडल्यावर ठकूने तिला आपल्याकडे आणलं, ते जवळजवळ भांडूनच. कुणाच्या दारात राहणं आत्याला माहीत नव्हतं. दारात उभं राहून दुसऱ्यांना अडवणं माहीत होतं.

तिने वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीला टोपणनाव ठेवलेलं होतं, आणि त्या मुलींच्या गोष्टी हाच तिचा खजिना होता. संध्याकाळी ठकू लॅबमधून आली की एक गोष्ट ठरलेली. ठकू टाकीची काच पुसत ऐकायची.

"आणि मग ती भिंतीवरून उडी मारून सिनेमाला गेली," त्या संध्याकाळी आत्या सांगत होती, "आणि परत येताना माझ्याच अंगावर पडली! कोण माहितीये? ती गं... ती ही..."

आत्याने चुटकी वाजवली. पुन्हा वाजवली.

"तरस?" ठकू म्हणाली. हे नाव तिने आधी ऐकलेलं होतं.

"छे! तरस वेगळी. ही... अगं, जिभेवर आहे माझ्या."

ठकूचं लक्ष सहज पंख्याकडे गेलं. सगळी तोंडं उघडली होती, आठ-आठ हात ताणून. टाकीत खाण्याचा कण नव्हता. आणि तिच्या डोळ्यांदेखत पंख्याच्या मधल्या भागातली मूठभर तोंडं एकदम मिटली. हात आत दुमडले. काहीतरी सापडलं की ती अशीच मिटतात. ठकूने हे रोज पाहिलं होतं.

"गेलं," आत्या आतून म्हणाली. आवाज विचित्र होता. "जिभेवर होतं, आणि आता नाहीच."

४

डॉक्टरांनी आत्याला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. आत्याने त्यांनाच उलट विचारलं, "तुमच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय होतं?" डॉक्टर अडखळले. "बघा," आत्या म्हणाली. "तुम्हीही घ्या गोळ्या."

बाहेर डॉक्टरांनी ठकूला वयाचं सांगितलं. हळूहळू उतार लागणारच, गोळ्यांनी जमलं तर वेग कमी होईल. पुढेमागे एखाद्या संस्थेचा विचार करून ठेवा.

ठकूला पटलं. पटायलाच हवं होतं. म्हातारपणी माणसं विसरतात, आणि टाकीत भोवरे होतात. या दोन गोष्टींची गाठ घालणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला, एवढंच. हे तिने स्वतःला इतक्यांदा सांगितलं की शेवटी स्वतःचाच संशय आला. मग तिने एक करून पाहिलं. उजेडाचं निमित्त काढून आत्याची खुर्ची बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यात मांडली. टाकीच्या उजव्या हाताला.

आठवडाही गेला नाही. पंखा तिरका झाला, मग आणखी तिरका, आणि खिडकीसमोर सपाट उभा राहिला. स्वयंपाकघरातली पिल्लंही फिरली.

म्हणजे खोलीचा प्रश्न नव्हता, घराचाही नव्हता. जे काय होतं ते आत्याकडून येत होतं.

"तुझं झुडूप माझ्याकडे बघतंय," आत्या चहात बिस्कीट बुडवत म्हणाली.

ठकू तिच्याकडे वळली. "असं का वाटतं तुला?"

"वाटायला कशाला हवं? मी बोलायला लागले की तोंडं उघडतं. असे ऐकणारे मी खूप पाहिलेत. चहाड्या करणाऱ्या पोरी अशाच ऐकायच्या."

त्याच दिवशी ठकूने सगळे पंखे, लहान-मोठे, पाण्याच्या पिशव्यांत भरले आणि मासेवाल्याच्या दुकानात नेऊन ठेवले. इतक्या वर्षांचा जीव लावलेला. पण आत्याला खाणारं काही ती घरात ठेवणार नव्हती, मग ते तिने स्वतःच्या हाताने वाढवलेलं का असेना.

"विकू?" मासेवाल्याने विचारलं.

"सध्या नको. फक्त सांभाळा."

५

टाकी ओकीबोकी झाली. आत्या हट्टाने आपल्या खोलीत परत गेली. आता ती बरी होईल, निदान आहे तिथे टिकेल, अशी ठकूची खात्री होती.

झालं उलटंच. आधी एखादं नाव गळायचं. आता गोष्टच्या गोष्ट जायला लागली. सिनेमाला पळालेली मुलगी गेली, भिंत गेली, एका सकाळी वसतिगृहच गेलं. "मी कुठे नोकरी करायचे गं?" आत्याने विचारलं, आणि विचारताना ती इतकी शरमली की ठकूला तिच्याकडे बघवेना. पूर्वी बांध फुटताना थोडी माती तरी आड यायची. आता आड काहीच नव्हतं.

एके दुपारी आत्या चहा घेताना म्हणाली, "तुम्ही फार करता हो माझं."

तुम्ही.

ठकूने कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि तडक दुकानात गेली. कशासाठी, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. मासेवाला तिला बघून उठलाच.

"बरं झालं आलात. तुमचे पंखे काही खातच नाहीत, ताई. सगळं देऊन बघितलं." आज तो हसत नव्हता. पंख्यांची जांभळी साल सुटत होती, आतली काळी काडी उघडी पडली होती. "तुमच्याकडे काय खात होते हो हे?"

ठकू काचेजवळ वाकली. ते पंखे तिच्या आत्याच्या मागे लागलेले नव्हते. मासे असोत, वादळ असो, पंखा कधी कुणाला ओढत नाही. ओढायला त्याच्याकडे असतंच काय? तो फक्त आडवा उभा राहतो, प्रवाह थोडा अडवतो. वाहणं आधीपासून चालू असतं.

मग दुसरंच कुणीतरी ओढत होतं.

"पिशव्या द्या," ती म्हणाली. "घरी नेते."

६

पंखे टाकीत परतले आणि पुन्हा दाराकडे वळले. आत्याची घसरण जरा मंदावली. पण ठकूला आता तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. पंखा पकडतो ते गिळतो. त्याला पोट आहे. मला बोलणारं तोंड आहे, ती मनाशी म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तिने बाहेरच्या खोलीचे पडदे बंद केले, दार लावून घेतलं आणि आत्याच्या दारात, तिच्याकडे तोंड करून उभी राहिली. दोन्ही हात पसरून चौकट धरली. लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. शेजारच्या बाईने पाहिलं असतं तर तिलाच संस्थेत घातलं असतं.

"हे काय?" आत्या म्हणाली.

"काही नाही. तू बोल काहीतरी."

"काय बोलू?" आत्या हसली, पण कसनुशी. "आहे काय माझ्याकडे?"

बराच वेळ काहीच झालं नाही. नळ ठिबकत होता. मागे पंप घुमत होता. ठकूचे खांदे भरून आले. आणि मग तिला ते जाणवलं. वारा नव्हता, आत्याच्या खिडकीचा पडदा जराही हलत नव्हता. पण आत्याच्या कानामागची पांढरी बट उचलली गेली होती आणि पुढे, ठकूच्या दिशेने, तरंगत होती. पाण्यात तरंगावी तशी, हळूहळू.

ठकूच्या तळव्यांना काहीतरी लागलं. काहीतरी बारीक, ओलसर. आणि तिच्या तोंडात एक शब्द आला. तो तिचा नव्हता.

"आगगाडी," ती म्हणाली.

आत्याने मान वर केली.

"आगगाडी," ठकू पुन्हा म्हणाली. "घोरायची."

"अख्खा मजला जागा ठेवायची!" आत्या ओरडली. "तिच्या खोलीतल्या पोरी कानात कापूस घालून झोपायच्या! तुला कुणी सांगितलं गं?"

"पुढे ऐक. खारूताई."

"गादीखाली शेंगदाणे लपवायची! मुंग्यांनी खोली भरली."

"पोस्टमास्तर."

"सगळ्यांची प्रेमपत्रं तीच पोचवायची, लबाड! भिंतीवरून माझ्या अंगावर पडली ती हीच!"

ठकू रडत होती आणि हसतही होती. नावं येतच होती. ती बोलायची, आत्या झेलायची. मग ओढ वाढली. आधी झुळझुळ होती, आता ठकूच्या बोटांना चौकटीवरून सोडवेल असा रेटा आला. तिने नखं रोवली. पाठीमागचा पंपाचा आवाज बंद झाला होता. कधी झाला, कळलं नाही.

आत्या बोलायची थांबली. ती ठकूकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"ठकू," ती हळूच म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी तिने ते नाव घेतलं होतं, "तुझ्यामागे कोण उभं आहे?"

ठकूने वळून पाहिलं नाही. वळायचं तर हात सोडावे लागले असते. पण आत्याचा चष्मा जाड भिंगांचा होता, आणि दोन्ही भिंगांत एक-एक इवलंसं दार दिसत होतं. दारात हात पसरलेली ठकू. आणि तिच्या मागे, बाहेरची खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरून, तिच्यासारखंच आडवं, तिच्यासारखंच पसरलेलं, जाळीदार असं काहीतरी. त्याच्यावर काहीतरी उघडत होतं. सगळीकडून, एकदम.

ठकूने नखं आणखी खोल रोवली. हात सुटले नाहीत.

आत्याने खुर्चीच्या दांड्यांवर भार दिला. मोडक्या खुब्याची ती बाई, आधाराशिवाय न उठणारी, उठून उभी राहिली. आणि मग या घरात आजवर कुणी ऐकला नव्हता असा आवाज निघाला.

"ए! कुणाला विचारून आत आलास?"

बाहेर काहीतरी थबकलं.

"भेटायची वेळ संपली! माझ्या पोरींपैकी एकीलाही हात लावायचा नाही, सांगून ठेवते! या दारात मी आयुष्य काढलंय. तुझ्यासारखे छप्पन्न आले. चल! नीघ!"

पांढरी बट आत्याच्या मानेवर पडली. मागे पंप पुन्हा घुमायला लागला. ठकूने वळून पाहिलं तेव्हा बाहेरच्या खोलीत बंद पडदे होते, स्टूल होतं, आणि टाकीत सगळे पंखे घट्ट मिटलेले होते.

७

आत्या बरी झाली नाही. गेलेलं बरंचसं गेलंच. पण पुढचं जायचं थांबलं, किंवा जवळजवळ थांबलं. डॉक्टरांनी गोळ्या लागू पडल्याचं सांगितलं. ठकूने मान डोलावली. ज्याला श्रेय घ्यायचं त्याला घेऊ दे, तिचं काम भागल्याशी कारण.

दुपारच्या सुट्टीत ती लॅबमधून घरी यायला लागली. दारात उभी राहायची, येईल ते नाव सांगायची. कधी दोन यायची, कधी एकही नाही. मागे कुणी आहे का, हे तिने पुन्हा भिंगांत पाहिलं नाही. असलं तर असू दे. त्याच्यासाठी ती जागा सोडणार नव्हती.

मासेवाल्याने मध्ये विचारलं, पंखे आता कसे आहेत? "बारीक झालेत," ती म्हणाली. "उपाशी ठेवलंय मी त्यांना." त्याला वाटलं, थट्टा करतेय.

मग एका दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. डब्याच्या झाकणाला काय म्हणतात ते तिला आठवेना. साधा शब्द. ती हसली, मान झटकली, पोळीचा तुकडा मोडला. आणि तिची नजर कलमांच्या टबाकडे गेली.

पिल्लं भिंतीकडे बघत नव्हती. ती सगळी तिच्याकडे अंग करून उभी होती. उघडी.

घास तिच्या हातातच राहिला. ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. मोठा पंखा आत्याच्या दारावरून हळूहळू फिरत होता, आणि ती जिथे उभी राहिली तिथे येऊन थांबला.

काठीचा टक्टक् आवाज आला. आत्या आपल्या दारात आली होती. तिने पंख्याकडे पाहिलं, मग ठकूकडे पाहिलं. रेक्टरबाईंना पोरींचे चेहरे वाचायची सवय होती.

"असं आहे काय," ती म्हणाली. "जा, माझ्या खुर्चीत जाऊन बस."

"आत्या, तुझा पाय—"

"बस म्हणते ना! रोज तू उभी राहतेस. मी काय नुसती शोभेला आहे या घरात?"

ठकू आत जाऊन खुर्चीत बसली. खुर्ची अजून उबदार होती. आत्याने काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हात पसरले, आणि सुरकुतलेल्या बोटांनी चौकट पकडली. खुब्यातून कळ गेली असावी. तिचा ओठ दाताखाली गेला. पण ती ताठ उभी राहिली, पाठीमागच्या अख्ख्या खोलीला आडवी.

ठकूच्या कपाळावरचे केस हळूच उचलले गेले.

मग आत्याच्या चेहऱ्यावर नवल उमटलं, दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं.

"ठकू," ती म्हणाली, "विहिरीच्या काठावर निळी चप्पल कुणाची गं? एकच आहे."

ठकूने तोंड उघडलं. तिथे काहीतरी होतं. त्याची कड तिला दिसत होती, नुसती कड. ते निसटत होतं.

"मला... मला नाही..."

"घाबरू नकोस. माझ्या हातात आहे ती." आत्याने पकड आणखी घट्ट केली, आणि मागे न बघताच, मागच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सावकाश आठव. तुला आठवेपर्यंत मी इथून हलत नाही."